बॅटरी नवी, तरी गाडी 'टक' करून थांबते: जाड आणि बारीक टर्मिनलचा घोळ

बॅटरी नवी आहे, वॉरंटी कार्ड डॅशबोर्डच्या खणात आहे, आणि तरी सकाळी किल्ली फिरवली की बॉनेटखालून एक 'टक' ऐकू येतं आणि मीटरवरचे दिवे विझतात. शेजाऱ्याच्या गाडीवरून जंपर केबल लावली की गाडी पहिल्याच सेल्फला सुरू होते. दुकानात नेली तर बॅटरी डाउन झाल्याचं सांगून ती रात्रभर चार्जिंगला ठेवतात. परत बसवल्यावर काही दिवस सगळं ठीक चालतं, मग एखादा मोठा खड्डा लागतो आणि पुन्हा तोच 'टक'. या फेऱ्यात लोक सेल्फ (स्टार्टर मोटर) उघडतात, डायनेमो (अल्टरनेटर) बदलतात, शेवटी दुसरी बॅटरी घेतात. दुसऱ्या बॅटरीनंतरही तक्रार तशीच राहिली की गाडीच्या वायरिंगवर संशय जातो आणि खर्च आणखी वाढतो.

यातल्या कितीतरी गाड्यांमध्ये बॅटरी, सेल्फ, डायनेमो सगळं चांगलं असतं. बिघाड असतो तो वायर बॅटरीला जिथे मिठी मारते त्या दीड-दोन सेंटिमीटरच्या जागेत. जुनी बॅटरी जाड टर्मिनलची होती, नवी बारीक टर्मिनलची आली, आणि बसवणाऱ्याने क्लॅम्प जमेल तितका आवळून, मध्ये पत्र्याचा तुकडा सारून गाडी चालू करून दिली. दुरुस्ती साधी आहे, पण नेमकी काय करायची हे ठाऊक नसल्यामुळे पैसे आणि चांगल्या बॅटऱ्या दोन्ही वाया जातात. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

दुकानात बॅटरीवरच्या शिशाच्या खुंटालाही टर्मिनल म्हणतात आणि वायरच्या टोकाच्या कड्यालाही. इथे खुंटाला टर्मिनल आणि कड्याला क्लॅम्प म्हणू, म्हणजे वाचताना गोंधळ होणार नाही.

जाड म्हणजे किती, बारीक म्हणजे किती

कारच्या बॅटरीची उभी टर्मिनलं मुख्यतः दोन मापांत येतात. युरोपीय आणि अमेरिकी पद्धतीचं जाड टर्मिनल बुंध्याशी प्लसला १९.५ मिलिमीटर आणि मायनसला १७.९ मिलिमीटर व्यासाचं असतं. जपानी पद्धतीच्या छोट्या बॅटऱ्यांचं बारीक टर्मिनल बुंध्याशी प्लसला १४.७ आणि मायनसला १३ मिलिमीटर. दोन्ही प्रकारांत टर्मिनल वरच्या टोकाकडे किंचित निमुळतं होत जातं आणि दोन्हींत प्लस हे मायनसपेक्षा दीड-दोन मिलिमीटरनी जाड असतं. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. त्याकडे पुढे यायचंच आहे.

आपल्या रस्त्यांवर हे दोन्ही प्रकार का आले, याला इतिहास आहे. अँबॅसडर मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड आणि पद्मिनी मूळची इटलीची फियाट, त्यामुळे त्या गाड्यांचे क्लॅम्प जाड टर्मिनलचे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि सुझुकीच्या छोट्या गाड्यांबरोबर जपानी मापाच्या अरुंद बॅटऱ्या आणि बारीक टर्मिनलं गॅरेजांत रुळली. पुढे युरोपीय आणि कोरियन गाड्या आल्या, त्यांच्याबरोबर डीआयएन (जर्मन मानक) मापाच्या बुटक्या, रुंद बॅटऱ्या आल्या. आज एकाच दुकानाच्या फळीवर हे सगळे प्रकार शेजारी शेजारी ठेवलेले असतात. गिऱ्हाईक विचारतं "पस्तीस अँपिअरची आहे का?", दुकानदार म्हणतो "आहे", आणि टर्मिनलचा विषय निघतच नाही.

जपानी पद्धतीचा क्रमांक वाचता आला तर बरंचसं काम दुकानातच होतं. ४६बी२४एल घ्या. ४६ हा ताकदीचा दर्जा. 'बी' म्हणजे रुंदी-उंचीचा गट, यात रुंदी साधारण १२९ मिलिमीटर. २४ म्हणजे लांबी, सेंटिमीटरमध्ये. 'एल' म्हणजे प्लस-मायनसची बाजू. आणि याच क्रमांकाच्या शेवटी 'एस' जोडलेला असेल, म्हणजे ४६बी२४एलएस, तर ती जाड टर्मिनलची. डबा तोच, ताकद तीच, किंमतही जवळपास तीच. एका अक्षराने क्लॅम्प बसणार की नाही ते ठरतं. ५५डी२३एल यासारख्या 'डी' गटातल्या मोठ्या बॅटऱ्या आणि डीआयएन मापाच्या बॅटऱ्या नेहमी जाड टर्मिनलच्याच असतात, तिथे 'एस' शोधू नका. काही कंपन्या मात्र लेबलावर स्वतःचाच क्रमांक छापतात, तेव्हा अक्षरांवर विसंबू नये, मोजावं.

मोजायला व्हर्नियर लागत नाही. कागदाची अरुंद पट्टी घ्या, टर्मिनलच्या बुंध्याशी एक वेढा द्या, जिथे टोक मिळतं तिथे पेनाने खूण करा आणि पट्टी सरळ करून फूटपट्टीवर ठेवा. जाड प्लसला सुमारे ६१ मिलिमीटर भरेल, जाड मायनसला ५६. बारीक प्लसला ४६, बारीक मायनसला ४१. एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी जाड कोणतं आणि बारीक कोणतं याबद्दल शंका उरत नाही. धातूच्या पट्टीने किंवा टेपने मोजू नका. ती चुकून दोन्ही टर्मिनलांना किंवा प्लस आणि बॉडीला एकदम टेकली तर ठिणगी उडते आणि हात भाजतो.

हेच आकडे सांगतात की जाड क्लॅम्प बारीक टर्मिनलवर कितीही आवळला तरी का बसत नाही. ६१ चा वेढा ४६ वर आणायचा म्हणजे पंधरा मिलिमीटर कमी करायचे. क्लॅम्पच्या तोंडाची फट असते जेमतेम अर्धा सेंटिमीटर. ती मिटली की दोन्ही जबडे एकमेकांना टेकतात, बोल्ट दगडासारखा घट्ट लागतो, आणि आत टर्मिनल मोकळंच राहतं. म्हणून तपासताना बोल्ट घट्ट आहे का हे पाहण्याआधी जबड्यांमध्ये फट उरली आहे का ते पाहा. फट पूर्ण मिटलेली दिसली तर पुढचं काही तपासायच्या आधीच उत्तर मिळालेलं असतं.

बिघाड सांध्यातच आहे याची खात्री कशी करायची

पहिली तपासणी हाताची. गाडी बंद, किल्ली काढलेली. क्लॅम्प दोन बोटांत धरून टर्मिनलभोवती फिरवून पाहा. चांगला बसलेला क्लॅम्प हाताने तसूभरही फिरत नाही. फिरला, की तिथेच थांबा.

दुसरी तपासणी दिव्याची. हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवा थोडा मंद झाला आणि सेल्फ रेंगाळत फिरला तर बॅटरी खरंच उतरलेली असू शकते. पण दिवा क्षणात पूर्ण विझला, 'टक' झालं, आणि किल्ली सोडल्यावर दिवा पुन्हा झगझगीत पेटला, तर करंट वाटेत अडतो आहे. उतरलेल्या बॅटरीचा दिवा असा पूर्ववत पेटत नाही.

तिसरी तपासणी मल्टिमीटरची. तीनशे-चारशे रुपयांचा साधा मीटर पुरतो. तो डीसी व्होल्टवर ठेवा, २० च्या रेंजवर. एक टोक टर्मिनलच्या शिशात, अगदी मधोमध रोवा. दुसरं टोक त्याच बाजूच्या क्लॅम्पवर टेकवा. प्लस आणि मायनसच्या मध्ये नाही, एकाच बाजूला, खुंट आणि कडं यांच्या मध्ये. आता कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. चांगल्या सांध्यावर ०.१ व्होल्टच्या आत काटा राहतो. ०.२ च्या वर गेला तर सांधा बिघडतो आहे. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसला तर दुसरं काही शोधू नका. मग मायनसच्या बाजूला हेच करा. मायनसची बाजू लोक विसरतात, आणि सैल क्लॅम्प तिथे तितकाच निघतो.

हा अर्धा व्होल्ट एवढा महत्त्वाचा का? लहान पेट्रोल गाडीचा सेल्फही फिरताना दीडशे अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. सांध्यात ओहमच्या शंभराव्या भागाइतका अडथळा असला तरी दीडशे अँपिअरला तिथे दीड व्होल्ट खर्ची पडतो. बारापैकी दीड व्होल्ट सेल्फपर्यंत पोहोचलाच नाही, आणि तेवढ्या वेळात सव्वादोनशे वॉट उष्णता त्या एका बिंदूवर निघाली. सेल्फ मारल्यावर क्लॅम्प हाताला गरम लागतो तो यामुळे. गरम होऊन शिसं आणखी दबतं, सांधा आणखी सैल होतो. गाडी चालू असताना हाच अडथळा उलट्या दिशेने नडतो: डायनेमो तीस अँपिअर देत असेल तर तीन दशांश व्होल्ट बॅटरीपर्यंत जातच नाही. १४.२ व्होल्ट मिळायला हवे तिथे १३.९ मिळाले की बॅटरी रोज थोडी उपाशी राहते, प्लेटांवर सल्फेट साचतं, आणि वर्षभरात चांगली बॅटरी खरोखरच मरते. म्हणजे सुरुवातीला बॅटरीचा दोष नव्हता, पण दुर्लक्ष केल्याने शेवटी तिचाच बळी गेला.

आता जंपर केबलचं कोडं. केबलचा चिमटा लावताना आपण तो टर्मिनलच्या शिशावर क्वचितच लावतो. हाताशी येतं ते कडं, त्यावरच तो बसतो. म्हणजे बाहेरून आलेला करंट सैल सांधा ओलांडतच नाही, थेट वायरीत शिरतो आणि गाडी सुरू होते. पाहणाऱ्याला वाटतं, दुसरी बॅटरी लावली की चालू होते म्हणजे आपली बॅटरी गेली. चार्जिंगचंही तसंच. बॅटरी काढून पुन्हा बसवताना क्लॅम्प पुसला जातो, नव्या जागी आवळला जातो, आणि त्या जोरावर चार दिवस निघतात. श्रेय मिळतं चार्जिंगला. म्हणून एक कळकळीची विनंती: जुनी बॅटरी बायबॅकमध्ये देऊन टाकण्याआधी ही तपासणी करा. रात्रभर उभ्या गाडीत टर्मिनलांवर थेट मोजल्यावर १२.५ ते १२.७ व्होल्ट दिसत असतील आणि सेल्फ मारताना टर्मिनलांवरच मोजलेला आकडा साडेनऊच्या खाली जात नसेल, तर ती बॅटरी अजून कामाची आहे.

जे करू नये

खिळा किंवा स्क्रू ठोकू नका. क्लॅम्प आणि टर्मिनल यांच्यातल्या फटीत स्क्रू सारला की क्लॅम्प हलायचा थांबतो, म्हणून काम झाल्यासारखं वाटतं. पण आता सगळा करंट स्क्रूच्या दोन रेघांवरून जातो आणि उरलेला घेर हवेत राहतो. काही जण तर टर्मिनलच्या डोक्यातच स्क्रू पिळतात म्हणजे ते फुगेल. त्याने शिसं चिरतं, बुंध्याशी सील सुटतं आणि ॲसिड झिरपायला लागतं.

कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा हा सगळ्यात लोकप्रिय उपाय, आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असतोच, तो वीज अडवतो. त्यात बॅटरीच्या आसपासची ॲसिडची वाफ आणि पावसाळी दमटपणा मिळाला की पत्रा काही आठवड्यांत भुगा होतो. कोकणात, गोव्यात, मुंबईत खाऱ्या हवेने तर त्याहून लवकर. तांब्याच्या तारेचे वेढे त्यामानाने बरे, पण तेही फक्त घरी किंवा गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरते. आठवड्याभरात हिरवी पूड दिसायला लागते.

आणि उलट प्रकरणात, म्हणजे गाडीचा क्लॅम्प बारीक आणि नवी बॅटरी जाड टर्मिनलची, तिथे टर्मिनल कानशीने घासून बारीक करू नका. घासून घासून पाच मिलिमीटर शिसं उतरवणं म्हणजे गोल खुंटाचा वाकडातिकडा खुंट करणं. तो क्लॅम्पला तीन-चार ठिकाणीच टेकतो. शिशाची पूड विषारी असते, ती हाताला, कपड्यांना आणि घरात येते. शिवाय छेडछाड केलेल्या टर्मिनलावर वॉरंटी मागायला गेलं की हात हलवत परत यावं लागतं. बारीक क्लॅम्प स्क्रूड्रायव्हरने फाकवून वरून हातोडीने ठोकणं त्याहून घातक. टर्मिनल आत प्लेटांच्या पट्टीला जोडलेलं असतं. ठोक्याने तो आतला सांधा तडकतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

बारीक टर्मिनल, जाड क्लॅम्प: स्लीव्ह

सगळ्यात उत्तम, बॅटरी घेऊन थोडेच दिवस झाले असतील तर दुकानात जाऊन जाड टर्मिनलची तीच बॅटरी मागा. बऱ्याच मापांत ती मिळते. शब्दांत अडू नका, कागदाच्या पट्टीवरची खूण दाखवा.

बदलून मिळत नसेल तर शिशाचे किंवा पितळेचे स्लीव्ह वापरावेत. दुकानात यांना टर्मिनल कॅप, बुश किंवा ॲडॅप्टर असंही म्हणतात. हा वरून खाली किंचित पसरत जाणारा, उभी चीर दिलेला नळीचा तुकडा असतो, भिंतीची जाडी सुमारे अडीच मिलिमीटर. जोडी घ्या, कारण प्लसचा स्लीव्ह मोठा आणि मायनसचा लहान असतो, आणि त्यावर तशी खूणही असते. एकसारखे दोन स्लीव्ह विकायला ठेवलेले दिसले तर घेऊ नका. पितळ टिकाऊ असतं, पण मला शिशाचा स्लीव्ह पसंत आहे. तो आवळताना दबून दोन्ही बाजूंच्या खाचाखोचांत बसतो आणि टर्मिनलचा धातूही तोच असल्यामुळे गंज कमी धरतो.

बसवताना आधी मायनसचा क्लॅम्प काढायचा, मग प्लसचा. परत लावताना उलट, आधी प्लस, शेवटी मायनस. कारण साधं आहे: मायनस जोडलेला असताना प्लसच्या बोल्टवर पाना फिरवताना तो बॉडीला टेकला की थेट शॉर्ट होतो. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. बॅटरी नुकतीच चार्ज झाली असेल तर बॉनेट उघडून थोडा वेळ जाऊ द्या, चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि एका ठिणगीने तो पेटतो.

टर्मिनल आणि क्लॅम्पची आतली बाजू दोन्ही साफ करा. पांढरी किंवा हिरवट पूड असेल तर खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने लावा, फसफसणं थांबलं की साध्या पाण्याने धुऊन कोरडं पुसा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. मग पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा, शिसं चमकलं की पुरे. स्लीव्ह हाताने दाबून बुंध्यापर्यंत सरकवा, त्यावर क्लॅम्प हातानेच खाली बसवा, आणि दहा नंबरच्या पान्याने आवळा. लहान पाना, मनगटाचा जोर, एवढंच. खांद्याचा जोर लावला तर पत्र्याचा क्लॅम्प वाकतो किंवा बोल्टचे आटे जातात. आवळून झाल्यावर जबड्यांत फट उरलीच पाहिजे, आणि टर्मिनलचं डोकं क्लॅम्पच्या कडेशी समपातळीत किंवा किंचित वर दिसलं पाहिजे. व्हॅसलीन लावायचं ते आवळून झाल्यावर, वरून.

काही मेकॅनिक क्लॅम्पच्या जबड्यांची टोकं कानशीने घासून फट वाढवतात. त्याच प्रकारचा क्लॅम्प वापराने थोडा सैल झाला असेल तर हा उपाय चालतो, मी त्याला नाव ठेवणार नाही. पण जाड-बारीकचा पाच मिलिमीटरचा फरक त्याने भरून निघत नाही.

आता प्लस-मायनसच्या त्या दीड-दोन मिलिमीटरकडे येऊ, कारण खरा धोका इथे आहे. योग्य प्रकारची बॅटरी असते तेव्हा मायनसचा क्लॅम्प प्लसच्या जाड टर्मिनलवर उतरतच नाही, आणि चूक तिथल्या तिथे लक्षात येते. पण जाड क्लॅम्पच्या गाडीत बारीक टर्मिनलची बॅटरी ठेवली की दोन्ही क्लॅम्प दोन्ही टर्मिनलांवर अलगद उतरतात. अडवणारं काही उरत नाही. त्यात बॅटरी 'एल' ऐवजी 'आर' आली असेल तर प्लस नेमका तिथे येतो जिथे गाडीचा मायनसचा क्लॅम्प पोहोचतो. उलट जोडली की एका क्षणात मुख्य फ्यूज जातो, डायनेमोचे डायोड जळतात, आणि नशीब वाईट असेल तर ईसीएमही (इंजिन चालवणारा संगणक). टर्मिनलं आपल्या बाजूला येतील अशी बॅटरी समोर ठेवली तर 'एल' मध्ये प्लस उजवीकडे असतो, 'आर' मध्ये डावीकडे. तरी वायरच्या रंगावर किंवा बाजूवर भरवसा न ठेवता डब्यावर कोरलेली अधिक-उण्याची खूण बोट ठेवून पाहा, आणि प्लसच्या क्लॅम्पला लाल टेप गुंडाळून ठेवा. पुढच्या वेळी बॅटरी काढणारा माणूस वेगळा असेल.

जाड टर्मिनल, बारीक क्लॅम्प: क्लॅम्पच बदलायचा

इथे स्लीव्हचा उपयोग नाही. बॅटरी परत द्या, नाहीतर क्लॅम्प बदला. पण क्लॅम्प कापण्याआधी तो नीट पाहा. आजच्या बऱ्याच गाड्यांत प्लसच्या क्लॅम्पवरच फ्यूजचा छोटा डबा बसवलेला असतो. इंजिन सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत मायनसच्या क्लॅम्पला बॅटरीचा सेन्सर जोडलेला असतो. या दोन्हींना कात्री लावायची नाही. अशा गाडीत मूळ टर्मिनलची, मूळ जातीची बॅटरी आणणं हाच मार्ग. तिथे साधी बॅटरी टाकून भागवू नये, कारण वारंवार सेल्फ मारण्यासाठी बनलेली ईएफबी किंवा एजीएम बॅटरी वेगळी असते.

जुन्या, साध्या गाडीत मात्र क्लॅम्प बदलणं रास्त आहे. बाजारात दोन बोल्टच्या पट्टीखाली उघडी तार दाबायची असा स्वस्त क्लॅम्प मिळतो. तो टाळा. उघड्या तांब्यात ॲसिडची वाफ शिरते आणि इन्सुलेशनच्या आतपर्यंत तार काळी पडत जाते. त्यापेक्षा तारेच्या टोकाला लग (भोक असलेलं धातूचं टोक) क्रिम्प करून, म्हणजे दाबून बसवून घ्या आणि तो लग बोल्टने नव्या क्लॅम्पला जोडा. क्रिम्पिंग हायड्रॉलिक टूलने करणाऱ्याकडे जा, छिन्नी-हातोडीने चेपणाऱ्याकडे नको. कापल्यावर तार आतून लालसर, चमकदार दिसली पाहिजे. काळी असेल तर आणखी थोडी कापा, आणि तेवढ्याने ती आखूड पडत असेल तर पूर्ण केबल नवी टाका. ताणलेली केबल इंजिनच्या थरथरीने टर्मिनलला सतत ओढत राहते.

टर्मिनल जुळलं तरी उंची आणि पकड पाहा

वेगळ्या टर्मिनलची बॅटरी म्हणजे अनेकदा वेगळ्या डब्याची बॅटरी. जपानी 'बी' गटाची रुंदी १२९ मिलिमीटरच्या आसपास, तर डीआयएन बॅटरी १७५ रुंद. ती ट्रेमध्ये बसणारच नाही. उलट, डीआयएनच्या जागी जपानी ठेवली तर ती ट्रेमध्ये हलते, आणि तिची टर्मिनलं वरच्या पातळीच्या बाहेर डोकावतात. प्लस बॉनेटच्या पत्र्याला टेकला तर आग लागू शकते. तपासायला प्लसवर प्लास्टिकची टोपी घाला, टोपीवर कणकेचा गोळा ठेवा आणि बॉनेट सावकाश लावून उघडा. गोळा चेपून एक सेंटिमीटरपेक्षा पातळ झाला तर ती बॅटरी त्या गाडीत नको. पकडही वेगळी असते: डीआयएनला पायाशी पट्टी, जपानीला वरून आडवी पट्टी आणि दोन लांब हूक. लाकडाची पाचर मारून किंवा सायकलची ट्यूब बांधून बॅटरी ठेवलेली मी पाहिली आहे. आपल्या रस्त्यांवर अशी बॅटरी आतून प्लेटा गाळत राहते, आणि तिच्या हलण्याने घट्ट बसवलेला क्लॅम्पही पुन्हा सुटतो.

अमेरिकेत, इंग्लंडमध्ये असलेल्या मंडळींसाठी थोडं. इंग्लंडमध्ये जपानहून आणलेल्या जुन्या गाड्यांत बारीक टर्मिनल भेटतं. अमेरिकेत होंडा फिट आणि जुन्या माझदा मिआटा या गाड्यांच्या बॅटऱ्यांना ते असतं, आणि तिथल्या दुकानांत स्लीव्ह सहज मिळतात. जनरल मोटर्सच्या अनेक जुन्या गाड्यांची टर्मिनलं मात्र बॅटरीच्या बाजूला असतात, त्यात बोल्ट पिळायचा असतो. तिथे मूळ बोल्ट काढून लांब बोल्ट पिळण्याचा मोह टाळा. तो जास्त आत गेला की आतलं शिसं फुटतं. दोन्ही पद्धतीची टर्मिनलं असलेली बॅटरी मिळते, तीच घ्यावी.

बसवल्यानंतर

घड्याळ, रेडिओचा कोड, काचांची एका दाबाची सोय हे पुन्हा लावावं लागेल. काही गाड्या पहिले काही किलोमीटर आयडलला थोड्या थरथरतात, ईसीएम पुन्हा शिकतं, त्याची काळजी नको.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण सोडतात. शिसं मऊ असतं, दाबाखाली ते हळूहळू सरकतं. स्लीव्ह असेल तर दोन जागी सरकतं. म्हणून आठवड्याभराने पाना घेऊन बोल्ट पुन्हा पाहा, बहुधा पाव फेरा आणखी घेईल. महिन्याने एकदा, आणि मग पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. गाडी चालू असताना क्लॅम्प सैल करून बघण्याची जुनी पद्धत कोणी शिकवली असेल तर ती वापरू नका. डायनेमो चार्ज करत असताना बॅटरी सुटली की लाइनमध्ये क्षणभर कितीतरी पट व्होल्ट उसळतात आणि त्यात इलेक्ट्रॉनिक्स जातं. खड्ड्यात सैल क्लॅम्प उडतो तेव्हाही नेमकं हेच होत असतं.

शेवटी मल्टिमीटरची तीच तपासणी पुन्हा करा, खुंट आणि कडं यांच्या मध्ये, दोन्ही बाजूंना. ०.१ च्या आत आला आणि तरी 'टक' होतच असेल, तर मीटरचं एक टोक मायनस टर्मिनलच्या शिशात आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारा. तिथे अर्धा व्होल्ट दिसला तर बहुधा गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजली आहे. ती काढून, दोन्ही टोकं घासून, परत आवळा.